वीस टक्के ‘आपले’

काल आईच्या अपघाताच्या दाव्याचा हिशेब हातात पडला. हिशेब म्हणजे काय, तर वकीलसाहेबांच्या कारकुनाने पाठकोऱ्या कागदावर खरडलेले चार आकडे. पाठकोऱ्या कागदावर हिशेब देणाऱ्या माणसांचा मला आधीपासूनच राग आहे, ते सोडा.

मंजूर झाले सहा लाख. टेम्पोच्या विमा कंपनीने भरले व्याजासकट आठ लाख दहा हजार. अर्ज केल्यापासून पाच वर्षं, सात टक्क्यांनी. आणि साहेबांचे वीस टक्के कशावर? आठ लाख दहा हजारांवर! म्हणजे नुसत्या व्याजावर ४२,०००.

अहो, ते व्याज साचलं कुणामुळे? तारखा मागितल्या कुणी? एकदा साहेब दुसऱ्या कोर्टात, एकदा साहेबांना ताप, एकदा डॉक्टरांना समन्सच गेलं नाही, एकदा आमचीच फाइल ह्यांच्याच ऑफिसात सापडेना. आई कुबडी टेकत जिना चढायची आणि पुढची तारीख घेऊन उतरायची. जेवढा उशीर तेवढं व्याज, जेवढं व्याज तेवढी फी. आम्ही येडे, दर वेळी ‘साहेब, तब्येत सांभाळा’ म्हणून यायचो!

वर ‘टायपिंग, झेरॉक्स व किरकोळ : ९,५००’. किरकोळ? वकालतनाम्याचं तिकीट, नोटरी, नकला, कारकुनाचं चहापाणी, सगळं त्या त्या वेळी माझ्याच खिशातून गेलंय. केस ‘आपली’, निकाल ‘आपला’, वीस टक्के ‘आपले’. झेरॉक्स तेवढी ‘तुमची’.

   

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो. बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांच्याच शिखर संस्थेचा, नियम २० : वकिलाने फी निकालावर ठेवायची नाही, मिळालेल्या रकमेत वाटा ठरवायचा नाही. अमेरिकेत चालतं, इथे नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, आणि तेही मोटार अपघाताच्याच भरपाईवरून, अशा टक्केवारीला गैरवर्तन म्हटलंय. मी अंथरुणातच उठून बसलो.

मग आठवलं. साहेबांनी पहिल्या दिवशी पंचवीस सांगितले होते. मीच घासाघीस करून वीसवर आणले आणि घरी येऊन मिशीला पीळ दिला. जे मुळात चालतच नाही, त्यात मी पाच टक्के सूट मिळवली होती! शिवाय आई बाईमाणूस. १९८७ च्या कायद्याने तिला उत्पन्न न बघता सरकारी विधी सेवेतून मोफत वकील मिळाला असता. भावोजी तसं म्हणालेही होते. त्यांना ‘फुकटचा वकील काय कामाचा?’ कोण म्हणालं? अस्मादिक.

आज सकाळी नियम २० ची झेरॉक्स काढून (स्वतःच्या पैशाने) तावातावाने गेलो. साहेबांनी बसवलं, चहा मागवला. म्हणाले, “रक्कम कमीच लागली हो. आपण हायकोर्टात जाऊ. आपले तेच वीस.”

खिशातल्या झेरॉक्सवर हात ठेवून मी म्हणालो, “आईला विचारून सांगतो, साहेब.”

तो चहाही आता ‘किरकोळ’मध्ये लागणार.