संध्याकाळचा मार मोतीला कशाचा वाटला?

‘मुक्या प्राण्याला सगळे आठवते, त्यामुळे सकाळच्या वागण्याचे बक्षीस किंवा शिक्षा संध्याकाळी दिली तरी चालते’ असा संदेश सध्या आमच्या मालवणकडे फोनोफोनी फिरतो आहे. तो माझ्या मामांकडे पोहोचला आणि दुपारी खळ्यात वाळत घातलेल्या बांगडा माशांत तोंड घातले म्हणून त्यांनी दिवेलागणीला आपल्या कुत्र्याला, मोतीला, हाक मारून जवळ बोलावले व छडीने मारले.

आठवणे वेगळे आणि दिवसभरातल्या नेमक्या कोणत्या कृतीचे हे फळ, हे जुळवणे वेगळे. मानसशास्त्रज्ञ ग्राइस यांनी १९४८ मध्ये पांढऱ्या उंदरांना काळ्या व पांढऱ्या वाटेतला फरक शिकवला. योग्य निवडीनंतर लगेच खाणे मिळालेले उंदीर लवकर शिकले. अर्ध्या सेकंदाच्या उशिरानेही शिकणे मंदावले, पाच सेकंदांना शेकडो फेऱ्या लागल्या आणि दहा सेकंदांच्या गटातले काही उंदीर १,४०० फेऱ्यांनंतरही शिकले नाहीत. कुत्रा म्हणजे उंदीर नव्हे, हे मान्य. पण इथे प्रश्न सेकंदांचा नसून चार-पाच तासांचा आहे. मार बसण्याच्या क्षणापूर्वी मोतीने केले होते ते एवढेच, की हाक ऐकून तो शेपूट हलवत आला होता. दुसऱ्या दिवशी मामांनी हाक मारली तेव्हा तो लाकडांच्या ढिगामागून हलला नाही. बांगडे मात्र त्याने पुन्हा हुंगलेच.

‘कान पाडतो म्हणजे गुन्हा कबूल करतो’ हे त्याच संदेशातले वाक्यही खोटे आहे. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर पाहिले, तेव्हा तो अपराधी चेहरा मालकाच्या रागावण्यामुळे दिसत होता, मग कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्लेला असो वा नसो.

उशिरा मिळालेले फळही प्राण्याला कळते, ही संदेशातली गोष्ट अर्धी खरी आहे. नासके खाऊन तासाभराने पोट बिघडले, तरी प्राणी ती चव टाळू लागतो. मानसशास्त्रज्ञ गार्सिया यांनी १९६६ मध्ये उंदरांत ते दाखवले. परंतु ते नाते चव आणि मळमळ यांचे आहे, त्यावरून छडीचे समर्थन होत नाही. ‘उपाशी ठेवा, लवकर शिकेल’ हा संदेशातला सल्ला तर उत्तर देण्याच्याही लायकीचा नाही.

ग्राइस यांच्याच प्रयोगात, निवडलेल्या वाटेच्याच रंगाच्या खोक्यात खाणे मिळालेले उंदीर उशीर असूनही लवकर शिकले, कारण रंगानेच मधली फट भरून काढली. मामांना मी तेच सांगितले आहे: मोती बांगड्यांपासून तोंड वळवील त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणा आणि लगेच भाकरीचा तुकडा द्या, म्हणजे पुढे हात रिकामा असला तरी तो शब्दच त्या रंगासारखी मधली फट भरून काढील.