गोल करून बसवलं म्हणजे गटकार्य झालं?

मुलांना गोल करून बसवायचं, मध्ये चार्टपेपर ठेवायचा आणि 'आता चर्चा करा' म्हणायचं. हे मी बरीच वर्षं केलं आणि त्यालाच गटकार्य समजत आले. सातवीचा वर्ग, सहा-सहाचे गट. प्रत्येक गटात एक हुशार मूल स्केचपेन ताब्यात घेतं, बाकीची पाच टोपणं सांभाळतात. तपासणीला आलेल्या साहेबांना वर्ग छान 'कृतियुक्त' दिसतो. पण दुसऱ्या दिवशी त्या पाचांपैकी कुणालाही उभं केलं की मान खाली.

दोष मुलांचा नसतो. आपण कामच असं देतो की एकट्याने केलं तरी पुरं होतं.

१९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना प्रथमच एका वर्गात बसवलं गेलं आणि वर्गावर्गात भांडणं पेटली. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की 'आधी हात कोण वर करतं' ही चढाओढच त्या आगीत तेल ओततेय. मग त्यांनी धड्याचेच तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकेक दिला. ज्याचा तुकडा त्याच्याकडूनच समजून घ्यायचा, दुसरा मार्ग नाही. ही जिगसॉ पद्धत.

यंदा मी ती 'मुंबईचं पाणी' या विषयाला लावली. चौघांचा गट, चार चिठ्ठ्या. एकीत सात तलाव: विहार आणि तुळशी नॅशनल पार्कातले, एकोणिसाव्या शतकातले, बाकीचे पाच पार ठाणे-नाशिककडचे, आणि त्यातल्या भातसाचं पाणी सर्वांत जास्त. दुसरीत भांडुपचं शुद्धीकरण केंद्र. तिसरीत टेकड्यांवरचे जलाशय, म्हणजे मलबार हिलला हँगिंग गार्डनच्या खाली आणि माझगावला भंडारवाड्यात पाणी साठवतात ते. चौथ्या चिठ्ठीवर फक्त प्रश्न: 'तुमच्या घरी पाणी कधी येतं, किती वेळ, कोण भरतं?' सारखी चिठ्ठी असलेली मुलं आधी एकत्र बसली, एकमेकांना विचारून पक्की झाली आणि मग आपापल्या गटात परतली.

एका गटात चौथी चिठ्ठी घाटकोपरच्या डोंगरावर राहणाऱ्या मुलीकडे होती. जूनपासून तिचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकलेला. तिने पहाटे साडेचारचा नळ सांगितला, आईची आणि तिची हंड्यांची वाटणी सांगितली. जलाशयाची चिठ्ठी असलेला मुलगा म्हणाला, "पाणी उंचावरनं खाली आपोआप येतं, म्हणून टाक्या टेकडीवर बांधतात." ती थांबली, वहीच्या मागच्या पानावर टाकी काढली, शेजारी त्याहून उंच डोंगर काढला आणि म्हणाली, "म्हणजे आमचं घर टाकीच्याही वर आहे, म्हणून धार बारीक." चिठ्ठीत हे कुठेच नव्हतं. वर्गात पहिला येणारा तिच्या गटातला मुलगा ते चित्र आपल्या वहीत उतरवून घेत होता.

दोन गोष्टी मात्र पाळाव्याच लागतात. शेवटी उत्तर कोण देणार हे आधी सांगायचं नाही. मी गटातल्या मुलांना एक ते चार क्रमांक देते आणि ऐन वेळी आकडा पुकारते, त्यामुळे चौघंही तयार राहतात. दुसरी गोष्ट, प्रश्न विचारल्यावर बाईंनी गप्प राहायचं. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक बाईंनी वर्गांचं निरीक्षण केलं तेव्हा शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबताना आढळले. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण फळ्यापाशी उभं राहून थांबून बघा, किती जड जातात ते!

पोर्शनचं काय, हा प्रश्न येणारच. या धड्याला एकाऐवजी दोन तासिका गेल्या. सगळे धडे असे घेता येत नाहीत; मी महिन्याला दोन घेते. गोंगाट होतो, शेजारच्या वर्गाला त्रास होतो हेही खरं, म्हणून आता शेवटच्या तासाला घेते. आणि "बाई शिकवत नाहीत, पोरंच एकमेकांना शिकवतात" ही पालकसभेतली तक्रार मी मनापासून मान्य करते. पोरं खरंच शिकवतात. त्यासाठी आदल्या रात्री दीड तास चिठ्ठ्या लिहीत मी बसलेली असते.

मराठी माध्यमाच्या कुणाला या पाण्याच्या चिठ्ठ्या हव्या असतील तर कमेंटमध्ये सांगा, फोटो पाठवते. चौथी मात्र तुमच्या वस्तीप्रमाणे बदलून घ्या.