लागू पडणारं प्रॉडक्ट कसं टाळावं

एखादा शाम्पू लागू पडला की माणसाचं फार नुकसान होतं. तुळशीबागेत जायला निमित्त उरत नाही, रील बघताना अंगठा ऑर्डरच्या बटणाकडे वळत नाही आणि भिशीत केसांचा विषय निघाला की आपल्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. ‘मी बाई कित्येक वर्षं तोच वापरते’ या वाक्यावर चांगली रंगलेली चर्चा जागीच बसते. तेव्हा हा धोका वेळीच ओळखा.

सुरुवात पाण्यापासून करा, म्हणजे पाण्याकडे अजिबात लक्ष देऊ नका. पुण्यात पेठांमधल्या नळाला खडकवासला धरणाचं पाणी येतं, त्यात कुठलाही साधा शाम्पू ढीगभर फेस देतो. तुम्ही घर घेतलंत वाघोलीला किंवा बावधनच्या टोकाला. सोसायटीत टँकर येतो, नाहीतर बोअर चालते. नळाच्या तोंडाशी पांढरा थर, बादलीवर पांढरे डाग, गीझरचं कॉइल एकदा बदलून झालेलं. शाळेत दुष्फेन पाण्याचा धडा होता, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार वगैरे; तो परीक्षेपुरता होता. हेच क्षार केसांवर बसतात, केस राठ होतात, फेस होईना म्हणून तुम्ही दुप्पट शाम्पू ओतता आणि टाळू कोरडी ठाक पडते. एखादी व्यवहारी बाई अशा वेळी आठ-पंधरा दिवसांतून एकदा ईडीटीए असलेला, क्षार काढणारा शाम्पू लावेल, नाहीतर शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घेईल. तुम्ही तिच्या वाटेला जाऊ नका. तुम्ही शाम्पू बदला. मग सीरम आणा. मग पार्लरमध्ये हेअर स्पाचं पॅकेज घ्या, सहावर एक फुकट. सदाशिव पेठेतल्या मावशीचे केस छान आहेत ना? मग तिची बाटली कुठली ते विचारा, तीच आणा, बावधनच्या पाण्यात वापरा आणि महिन्याभराने मावशीला नावं ठेवा. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी पाण्याच्या तपासणीचा रिपोर्ट टाकला, तर ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांनी तो वर ढकला.

बाटली निवडताना नेहमी पुढची बाजू बघा. पुढे आवळा असतो, जास्वंद असते, माक्याची पानं असतात, क्वचित खलबत्ताही असतो. मागे काय असतं, तर घटकांची यादी, आणि तीही ज्याचं प्रमाण जास्त तो आधी या क्रमाने. पाणी, सोडियम लॉरेथ सल्फेट, आणखी दोन-तीन लांबलचक नावं, मग सुगंध, आणि त्या सुगंधाच्याही मागे अंग चोरून उभा असलेला आवळा. हे वाचून मन खट्टू होतं, म्हणून वाचायचं नाही. अक्षरही मुद्दाम बारीक ठेवलेलं असतं; त्यातला इशारा घ्यावा. ‘केमिकल-फ्री’ असं लिहिलं असेल तर पुढचा प्रश्न विचारू नका. घरच्या कुंडीतल्या कोरफडीचा गर फ्रीजमध्ये चार दिवसांत वास मारतो आणि बाटलीतली कोरफड ओलसट बाथरूममध्ये दोन वर्षं टवटवीत राहते. हा श्रद्धेचा भाग आहे. प्रिझर्व्हेटिव्ह असतं म्हणूनच तिला बुरशी लागत नाही आणि ते असलेलं बरंच, असं म्हणणाऱ्या केमिस्ट्रीच्या मास्तरांना आपण शाळेतही आवडून घेतलं नव्हतं.

आजीच्या फडताळातल्या खोबरेलाबद्दल मात्र सावध राहा. न्हायच्या आधी लावलं तर ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी जातं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणजे ते खरंच उपयोगी आहे, शिवाय स्वस्त आहे, आणि डबा उघडला की वासावरून सगळ्या मजल्याला कळतं. तिन्ही कारणं ते न घेण्यासाठी पुरेशी आहेत. त्याऐवजी केसांना फुटलेले फाटे ‘जोडून देणारं’ काहीतरी घ्या. केसाचा बाहेर आलेला भाग मेलेला असतो, फाटा एकदा फुटला की त्यावर कात्री हाच उपाय, बाकी सगळं दोन-चार धुण्यांपुरतं चिकटवणं. पण फाटे फोडण्यात हयात घालवलेल्या शहराला हे कोण सांगणार?

आता चेहरा. फाउंडेशन दुकानातल्या ट्यूबलाइटखालीच निवडा, आणि मनगटावर. जबड्याच्या कडेला रेघ ओढून, दाराबाहेर लक्ष्मी रोडच्या उन्हात येऊन, पंधरा-वीस मिनिटं ती काळवंडते का हे बघणाऱ्या बायकांकडे दुकानदार ज्या नजरेने बघतो ती तुम्हाला सोसवणार नाही. तो म्हणेल, ‘ताई, एक शेड लाइट घ्या, ब्राइट दिसाल.’ घ्या. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आली आणि २०२० मध्ये तिचं नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झालं, त्या दिवसापासून आपल्याकडे गोरेपणाचा सोस संपला. आता फक्त ‘ब्राइट’ म्हणतात. मान गव्हाळ आणि चेहरा ट्यूबलाइट असा दिसला तरी त्याला ग्लो म्हणायचं.

हा ग्लो घेऊन तुम्ही स्कूटरवर बसणार. त्याआधी डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये असं गुंडाळणार की सिग्नलला शेजारी उभी राहिलेली सख्खी बहीण ओळखणार नाही. वर हेल्मेट, हातात सनकोटाच्या बाह्या. विमाननगरला पोचेपर्यंत निम्मं फाउंडेशन स्कार्फच्या आतल्या अंगाला लागलेलं असतं. त्यामुळे शेड स्कार्फला शोभेल अशी निवडलेली बरी. खरं तर दाट विणीचा तो सुती स्कार्फ चेहऱ्याला सावली देतो, धूळ अडवतो आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावाही लागत नाही, म्हणजे या गावाचं सगळ्यात भरवशाचं सौंदर्यप्रसाधन तोच. पण त्याची जाहिरात करायला कोणी नटी मिळालेली नाही, तेव्हा तो मोजायचा नाही.

मोजायचा तो सनस्क्रीनवरचा एसपीएफ, म्हणजे ऊन अडवण्याचा आकडा. तीसचा की पन्नासचा, यावर ऑफिसच्या कँटीनमध्ये जोरदार भांडा. तीसचा त्वचा भाजणारे यूव्हीबी किरण सुमारे ९७ टक्के अडवतो आणि पन्नासचा सुमारे ९८; भांडायला एक टक्का भरपूर झाला. मात्र हा आकडा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून काढलेला असतो, म्हणजे चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरतील एवढं क्रीम. तेवढं लावलं तर ट्यूब महिन्याभरात संपेल! आपण वाटाण्याएवढं लावावं, वर पन्नासचा दिमाख मिरवावा. उन्हातल्या दुसऱ्या, यूव्हीए किरणांसाठी ट्यूबवर ‘पीए’पुढे अधिकची किती चिन्हं आहेत ती बघा म्हणतात. बघू कधीतरी.

लिपस्टिकचं काही सांगत नाही. घरात एकाच रंगाच्या असतात त्यात आणखी एक.

काजळ आणि मस्कारा मात्र पिढीजात जपा. डबीवर उघड्या झाकणाचं छोटं चित्र असतं आणि आत ‘६ एम’ असं काहीतरी, म्हणजे उघडल्यापासून सहा महिने. मस्कारा तर तीन ते सहा महिन्यांत टाकून द्यावा, नाहीतर त्यात जंतू वाढतात, असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. टाकून द्यावा? चांगली अर्धी नळी शिल्लक असताना? सुकला असेल तर दोन थेंब पाणी घालावं, जंतूंनाही ओलावा लागतो. रस्त्यावर नामवंत कंपनीची वस्तू चतुर्थांश किमतीत मिळाली, तर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि शेवटची तारीख शोधत उभं राहू नका, मागे गर्दी असते. बॉक्सवरच्या नावात एखादं अक्षर कमी निघालं, तर तेवढी सूट मिळाली असं समजा.

आणि केसांचा रंग. डब्यात घडी घातलेला एक कागद निघतो. कानामागे थोडा रंग लावा, ४८ तास थांबा, खाज किंवा सूज आली तर वापरू नका, असं त्यावर छापलेलं असतं. रंग काळा करणाऱ्या पीपीडी नावाच्या घटकाची काहींना जबरदस्त ॲलर्जी असते म्हणून. ‘काळी मेंदी’ असेल तर निर्धास्त राहा. नुसत्या मेंदीचा रंग तांबूस येतो, मग ही एवढी काळी कशाने, हे विचारायची रीत नाही. पुतणीच्या लग्नाच्या आदल्या रात्री ४८ तास आणायचे कुठून? लावून टाका. सकाळी डोळे सुजून बारीक झाले, तर सीमांतपूजनात काकू लोकांच्या नजरेला पडतील हे खरं, पण पाठवणीपर्यंत कळ काढा, तेव्हा कोणी कारण विचारत नाही.