रंगीत पॅनेलने बाळाची कावीळ उतरत नाही

गेल्या आठवड्यात वेंगुर्ल्याहून मावसबहिणीचा फोन आला आणि माझा रंग बदलणारा लाईट दोन रात्रींसाठी मिळेल का, असे तिने विचारले. पाचवीचे फोटो काढायचे असतील असे समजून मी होकार देणार, तोच तिने सांगितले की बाळ पिवळे दिसते आहे आणि मावशीने पाठवलेल्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशात त्यावर हाच उपाय दिला आहे. तो संदेश लग्नाचे शूटिंग करणाऱ्या आम्हा लोकांच्या गटातही दोनदा येऊन गेला होता आणि आम्ही सर्वांनी तो हसून सोडून दिला होता, याची आता लाज वाटते.

संदेशात शूटिंगच्या आरजीबी (लाल, हिरवा आणि निळा मिसळून रंग बनवणाऱ्या) एलईडी पॅनेलचे पाच फायदे दिले आहेत. निळ्या रंगावर ठेवल्यास तान्ह्या बाळाची कावीळ दोन रात्रींत उतरते. सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगणारा आकडा) ९५ म्हणजे ९५ टक्के सूर्यप्रकाश. पॅनेल १ कोटी ६७ लाख रंग दाखवते. लाल रंगाने गुडघेदुखी थांबते. आणि या प्रकाशाने डोळ्यांना कसलाही अपाय होत नाही. यांतल्या पहिल्या मुद्द्याने जीव धोक्यात येऊ शकतो, म्हणून मुख्यतः त्याच्याविषयी लिहितो.

निळ्या प्रकाशाने नवजात बाळाच्या काविळीवर उपचार होतात हे खरे आहे, आणि ते मान्य करणे भाग आहे. १९५६ च्या सुमारास इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड बाळांना उन्हात नेत असत. अशाच एका बाळाचे अंग उन्हाने फिके पडलेले असताना, चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला त्वचेचा त्रिकोण तेवढा गडद पिवळा राहिलेला दिसला. त्यातूनच पुढे प्रकाशोपचार आला आणि १९५८ मध्ये त्यावरचा लेख 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला. प्रकाशामुळे त्वचेतल्या बिलिरुबिनचे, म्हणजे कावीळ आणणाऱ्या पिवळ्या द्रव्याचे, रूप बदलते आणि ते शरीराबाहेर टाकणे सोपे होते. आमच्या पॅनेलमधला निळा एलईडीही उपचाराला उपयोगी तरंगलांबीच्या पट्ट्याच्या जवळपासच प्रकाश देतो. संदेशातले सत्य एवढ्यावरच संपते.

अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रभावी उपचारासाठी ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे निळ्या प्रकाशाच्या, पट्ट्यात, दर चौरस सेंटिमीटरला दर नॅनोमीटरमागे किमान ३० मायक्रोवॅट इतका प्रकाश बाळाच्या त्वचेवर पडावा लागतो, आणि तो शक्य तितक्या जास्त त्वचेवर पडावा लागतो. आमच्या पॅनेलच्या खोक्यावर असतो तो आकडा लक्सचा. लक्स हे माप माणसाच्या डोळ्याला काय उजळ दिसते यावर बेतलेले असून त्यात निळ्या प्रकाशाची गणती अगदीच थोडी होते. त्यामुळे खोक्यावरचा आकडा वाचून बाळाला किती मात्रा मिळते आहे, हे कोणालाही सांगता येणार नाही, आणि अंतर दुप्पट झाले की प्रकाश साधारण चौथाईवर येतो, ते वेगळेच.

मात्रेपेक्षाही मोठा धोका दिसण्याचा आहे, आणि तो आम्हा शूटिंगवाल्यांना तरी चटकन ध्यानात यायला हवा होता. हळदीच्या रात्री डीजेवाल्याने सगळे दिवे निळे केले की नवरीच्या गालावरची हळद काळपट डागासारखी दिसू लागते. याचे कारण असे की पिवळा रंग निळा प्रकाश शोषून घेतो आणि परत फेकायला दुसरा प्रकाश तिथे नसतोच. त्याच प्रकाशात ठेवलेल्या बाळाकडे पाहून पिवळेपणा गेला असे आईला वाटणार, यात नवल नाही. दिवा बंद केल्यावरही फसगत टळत नाही, कारण प्रकाश पडलेली त्वचा फिकी होते आणि रक्तातले बिलिरुबिन मात्र धोकादायक पातळीवर असू शकते. तो झाकलेला त्रिकोण नेमके हेच सांगतो, आणि म्हणूनच रुग्णालयात उपचार चालू असताना पुन्हा पुन्हा रक्त तपासतात. बिलिरुबिन फार वाढून मेंदूपर्यंत पोहोचले, तर कायमचे बहिरेपण येऊ शकते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. जन्मानंतर पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ, दूध न ओढणारे किंवा जागे करूनही न उठणारे बाळ, यांत एक रात्रही थांबण्यासारखे नसते. बहिणीला मी पॅनेल दिले नाही, गाडी पाठवली.

सीआरआयचा मुद्दा त्या मानाने निरुपद्रवी, पण चुकीचाच. हा आकडा आठ ठरावीक, फिकट रंगांची सरासरी असतो. गडद लाल रंग त्या आठांत नाही, तो आर-९ या नावाने वेगळा मोजावा लागतो. त्यामुळे सीआरआय उत्तम असलेल्या दिव्याखालीही कपाळावरचे कुंकू विटकरी दिसू शकते. शिवाय ५००० केल्विनखालच्या, म्हणजे पिवळसर प्रकाशाच्या, दिव्याची तुलना सूर्याशी होतच नाही, तापलेल्या आदर्श काळ्या पदार्थाच्या (केवळ उष्णतेने उजळणाऱ्या वस्तूच्या) प्रकाशाशी होते. जुन्या तारेच्या पिवळ्या बल्बचा सीआरआय १०० च्या जवळ जातो, पण तेवढ्यावरून पडवीतल्या त्या बल्बला कोणी वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरचे ऊन म्हणत नाही. चांगल्या सीआरआयच्या पॅनेलमुळे एडिटिंगचे काम वाचते, हे मात्र खरे.

१ कोटी ६७ लाख हा आकडा म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्याच्या प्रत्येकी २५६ पायऱ्यांचा गुणाकार आहे. केवळ या तिघांच्या मिश्रणातून केलेल्या पांढऱ्यात पिवळ्या-नारिंगी पट्ट्याची उणीव राहते आणि चेहरे आजारी दिसतात, म्हणून तर बऱ्या पॅनेलमध्ये पांढरे एलईडी वेगळे बसवलेले असतात. गुडघ्यांचा मुद्दा मी सोडून देतो. लाल सेटिंग पार्श्वभूमी रंगवण्यासाठी केलेली असते.

राहिला डोळ्यांचा प्रश्न. प्रकाशोपचाराच्या वेळी रुग्णालयात बाळाचे डोळे आधी झाकतात आणि मगच दिवा लावतात. दिव्यांपासून डोळ्यांना असलेल्या धोक्याची वर्गवारी करणारे आयईसी ६२४७१ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. माझ्या पॅनेलच्या माहितीपत्रकात पेटत्या दिव्याकडे थेट पाहू नये असे पहिल्याच पानावर छापले आहे; संदेश लिहिणाऱ्याने खोके उघडून तेवढे तरी वाचायचे होते.