साडेबाराचं आमंत्रण

फ्रान्समध्ये कुणी जेवायला बोलावलं की पंधरा मिनिटं उशिरा जायचं असतं. यजमानीणबाईंना शेवटचा हात फिरवायला मिळावा म्हणून पाहुण्यानं दाखवायची ही सभ्यता, आणि तिला इथे 'सौजन्याची पंधरा मिनिटं' असं रीतसर नाव आहे. आम्ही गेलो एक तास दहा मिनिटं आधी.

दोष घड्याळाचा. म्हणजे माझाच, पण घड्याळ मध्ये होतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे इथे तीनचे दोन होतात. फोन आपणहून सुधारतो. स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ सुधारत नाही, आईचं मनगटी सुधारत नाही, आणि आमच्या सेकंडहँड गाडीतलं घड्याळ तर बदलायचं कसं हेच मला माहीत नसल्यानं ते वर्षातून सात महिनेच बरोबर असतं. त्या दिवशी सकाळी तीन घड्याळं एका बाजूला होती आणि बायकोचा फोन दुसऱ्या.

"हा अकरा वीसला पोचतो म्हणतोय," ती म्हणाली.

"त्याला काय कळतंय? टोलनाक्यावर किती वेळ जातो ते बघ."

फ्लरी-आँ-बिएरच्या नाक्यावर तीन मिनिटं गेली.

ऑफिसातला एक मित्र आणि त्याची बायको दोन वर्षांपूर्वी पॅरिस सोडून बर्गंडीत, तुसी गावाजवळच्या एका खेड्यात राहायला गेलेत. गाडीनं दोन तास. तुसी हे प्येर लारूस यांचं जन्मगाव. १८१७ साली तिथे जन्मून त्यांनी पुढे शब्दकोश केला. मला त्या भागात गेलं की उगाच दडपण येतं. माझं फ्रेंच कुणीतरी तपासतंय असं वाटतं. बेत साधा होता: जेवायचं, जेवून झालं की जवळच गेदलोंला १९९७ पासून तेराव्या शतकातल्या पद्धतीनं बांधत असलेला किल्ला आहे तो बघायचा, आणि दिवेलागणीला घरी. आई सांगलीहून आलेली. सज्जनगड-पन्हाळा पाहिलेल्या बाईला "किल्ला बांधताना बघायचाय" हे फार आवडलं होतं.

वाटेत एका दुकानाबाहेर कुंड्याच कुंड्या. पिवळ्या, जांभळ्या, पांढऱ्या. आई किंचाळलीच. "शेवंती! अरे थांब, शेवंती आहे!" दिवाळी चार दिवसांवर. सगळ्यात मोठी पिवळी कुंडी आईच्या मांडीवर बसून पुढे आली. फ्रान्समध्ये शेवंती कशासाठी असते हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी मी उजवीकडच्या बोळातून येणाऱ्या ट्रॅक्टरकडे बघत होतो. खेड्यातल्या रस्त्यावर पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा मान पहिला, मग तो बोळ गोठ्यातून का निघेना. मी पुण्यात गाडी शिकलो. तिथे मान कुणाचा हे हॉर्न ठरवतो. ट्रॅक्टरवाल्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तीत शेवंती डोक्यातून गेली.

दार मित्रानं उघडलं. अंगात बाथरोब, केस ओले, हातात व्हॅक्यूम क्लीनरची नळी. मागे कुठेतरी त्याच्या बायकोनं एक छोटासा उद्गार काढला आणि एक दार धाडकन लागलं. मी म्हणालो, "दहा मिनिटं लवकरच झालं." त्यानं ओव्हनवरच्या घड्याळाकडे पाहिलं. फ्रेंच माणूस अशा वेळी काही बोलत नाही. फक्त भुवया वर जातात आणि बराच वेळ खाली येत नाहीत.

आईनं कुंडी पुढे केली. बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, क्षणभर थांबल्या, आणि हसून म्हणाल्या की त्यांच्या सासूबाईंना ही फुलं फार आवडायची. आईला मी भाषांतर केलं. 'आवडायची'चं 'आवडतात' केलं.

मला आणि बायकोला बेकरी बंद व्हायच्या आत पाव आणायला पिटाळण्यात आलं. परत येऊन बघतो तर आई स्वयंपाकघरात, एकही सामायिक शब्द नसताना, बटाट्याच्या चकत्या करत होती. आणि कढईतल्या गुलाबी तुकड्यांकडे बोट दाखवून विचारत होती, "हे काय गं?" लवकर पोचल्याचा हा एकमेव फायदा. यजमानांना आई शाकाहारी आहे हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर बटाट्यांचा बेत. पण डुकराच्या मांसाचे ते चिमुकले तुकडे, लार्दों, हे त्यांच्या लेखी मांस नसतं. आपल्याकडे जसा कढीपत्ता.

मग जेवण. मित्रानं किर ओतली. ही पांढरी वाइन आणि काळ्या मनुकांसारख्या फळाचं मद्य मिसळून करतात, आणि तिला नाव आहे दिजोंच्या महापौर फेलिक्स किर यांचं, जे धर्मगुरूही होते. आई म्हणाली, "म्हणजे तीर्थच." आणि सफरचंदाचा रस घेतला. आमच्या डब्यातल्या चकल्या त्यांच्या गुजेरांशेजारी, म्हणजे चीजच्या फुगीर पफांशेजारी, मांडल्या गेल्या आणि आधी संपल्या. फ्रेंचांच्या जेवणाला युनेस्कोनं २०१० मध्ये अमूर्त वारशाचा दर्जा दिला आहे. किल्ल्याला वारसा म्हटलं की तो दीड तासात बघून होतो. जेवणाचं तसं नसतं. तीनला आम्ही अजून बटाट्यांवर होतो.

साडेतीनला चीजचा पाट आला. एप्वास उघडल्याबरोबर आईनं पदर नाकाला लावला आणि हळूच विचारलं, "बोंबील वाळत घातलेत का कुठे?" मी तिला वाचवावं म्हणून पटकन ब्रीच्या त्रिकोणाचं टोक कापून तिच्या बशीत ठेवलं. टेबल शांत झालं. ब्रीचं नाक कापायचं नसतं. सगळ्यांच्या वाट्याला मधला भाग यावा म्हणून बाजूनं लांब फोड काढायची. आमटीच्या पातेल्यातला वरचा कट एकट्यानं वाढून घ्यावा तसा गुन्हा. भुवया पुन्हा वर.

सव्वाचारला सफरचंदाचा टार्ट, मग कॉफी. खिडकीबाहेर ऊन पिवळं व्हायला लागलं तेव्हा गेदलोंचा विषय मित्रानंच काढला. "तिथे कुणाला घाई नसते," तो म्हणाला. "पुढच्या वर्षीही बांधत असतील."

"निघतो" असं मी पहिल्यांदा पाचला म्हणालो. दुसऱ्यांदा उभं राहून. तिसऱ्यांदा दारात, जिथे आई आणि यजमानीणबाई एकमेकींना चकलीची आणि टार्टची कृती हातवाऱ्यांनी सांगत होत्या. भाजणीसाठी आईनं दळणाचा अभिनय केला. गालाला गाल लावून निरोप घेताना डावा आधी की उजवा यात माझं नाक मित्राच्या चष्म्यावर आपटलं. चौथ्यांदा निघालो तेव्हा अंधार होता, आणि गाडीतलं घड्याळ सात वाजल्याचं सांगत होतं.

"कुंडी त्यांनी बाहेरच ठेवली," आई म्हणाली. "घरात जागा होती की."

मी टोलची पाटी शोधत होतो.

एक नोव्हेंबरला मित्राच्या बायकोचा मेसेज आला: आईंना सांग, शेवंती सासूबाईंकडे पोचली, फार शोभून दिसतेय. आईला मी वाचून दाखवला. ती खूश झाली.

"कुठे राहतात त्या?"

"गावातच," मी म्हणालो. "चर्चच्या मागे."