प्रेम खटकतं, कागद कुणी मागत नाही

‘राझी’ हा हिंदी चित्रपट 11 मे 2018 ला प्रदर्शित झाला. एवढी वर्षं उलटली तरी परदेशातल्या मराठी घरांमध्ये त्यावरून अजून जुंपते आणि गाडी दर वेळी त्याच दोन जागी अडते. एकांचं म्हणणं, रावळपिंडीतल्या ब्रिगेडियरचं घर इतकं मायाळू, नवरा इतका समंजस, आणि आपली हेर त्याच्यासाठी रडते, हे कसलं देशप्रेम? दुसऱ्यांचं म्हणणं, कॉलेजात शिकणाऱ्या काश्मिरी मुलीला बापाने आणि सरकारने मिळून लग्नाच्या आडून शत्रूच्या घरात पाठवलं, देशापुढे काहीच मोठं नाही हे तिच्याकडून वदवून घेतलं, आणि आपण थिएटरात टाळ्या वाजवल्या. ज्यांच्या कादंबरीवर चित्रपट बेतला ते हरिंदर सिक्काही शेवटावर नाराज होते. त्यांची नायिका सेहमत परतल्यावर तिरंग्याला सलाम करते. दिग्दर्शिका मेघना गुलजार यांची सेहमत मोडून पडते आणि शेवटी एका रिकाम्या खोलीत बसलेली दिसते.

नेदरलँड्समध्ये राहून हा वाद ऐकला की इथला एक चित्रपट आठवल्याशिवाय राहत नाही. पॉल व्हरहूवन यांचा 2006 चा ‘झ्वार्टबूक’, म्हणजे काळी वही. हॉलिवूडमध्ये जवळपास वीस वर्षं काढल्यावर ते मायदेशी परतले ते हा चित्रपट करायला. पटकथाकार खेरार्ड सूतमान यांच्यासोबत त्याची जुळवाजुळव मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. गोष्ट हेगमधली, 1944-45 च्या हिवाळ्यातली. राखेल ही ज्यू गायिका. नाझींच्या ताब्यातल्या भागातून पळून जाताना तिचे आईवडील आणि भाऊ नावेतच मारले जातात. मग ती केस सोनेरी करते, एलिस हे नाव घेते, भूमिगतांच्या सांगण्यावरून म्युन्त्से या जर्मन सुरक्षा सेवेच्या अधिकाऱ्याजवळ जाते आणि त्याच्या प्रेमात पडते. त्याला टपालाची तिकिटं जमवायचा नाद. तीच तिची त्याच्या कचेरीत शिरायची वाट.

इथेही प्रेक्षक दुभंगले. ज्यू मुलगी आणि नाझी अधिकारी? तोही चांगला माणूस? आणि खरा घातकी निघतो तो भूमिगतांचा लाडका डॉक्टर? तरीही चित्रपटाला त्या वर्षीचे देशाचे मोठे पुरस्कार मिळाले आणि 2008 मध्ये डच प्रेक्षकांनी मतं देऊन त्याला आजवरचा सर्वोत्तम डच चित्रपट ठरवलं. म्हणजे आक्षेपांना उत्तर मिळालं असं नाही. पण आक्षेप घेणाऱ्याला पडताळून पाहायला काहीतरी हाताशी होतं. आपल्या आणि इथल्या वादातला फरक मला तिथे दिसतो.

एक प्रसंग बारकाईने बघा. एलिस फ्रांकेन या अधिकाऱ्याच्या कचेरीत मायक्रोफोन लपवते. भूमिगत लोक दुसऱ्या टोकाला ऐकत बसतात आणि त्यांना कळतं की फान खेइन नावाचा माणूस श्रीमंत ज्यूंना पळून जायची वाट दाखवतो, ठरल्या जागी त्यांना मारवतो आणि त्यांचे दागिने वाटून घेतो. पुढे फ्रांकेनला मायक्रोफोनचा पत्ता लागतो. तो उपकरण काढत नाही. उलट त्याच्यासमोर उभं राहून एलिसचे आभार मानतो, जणू तीच त्याची खबरी. ऐकणाऱ्यांची खात्री पटते की पोरीने दगा दिला. हेरगिरीतली सगळ्यात जुनी चूक हीच. आपण लावलेला कान दुसऱ्याला सापडला की तो त्याचं तोंड होतो.

पाहणाऱ्याला हे पटकथेचं कसब वाटेल. इथल्या माणसाला मात्र त्यात हेगमधलीच खरी घटना दिसते. 6 मार्च 1942 ला हूब लाउवर्स हा लंडनहून पाठवलेला बिनतारी यंत्रचालक याच शहरात पकडला गेला. जर्मन लष्करी हेरखात्याच्या हर्मान गिस्केसने त्याला त्याच्याच यंत्रावरून लंडनशी बोलत राहायला लावलं. लाउवर्स तयार झाला, कारण त्याची मदार एका खुणेवर होती. प्रत्येक चालकाला संदेशात ठरलेल्या जागी मुद्दाम चूक करायची सूचना असे. त्याच्यासाठी ती सोळाव्या अक्षराची होती. चूक असली की माणूस मोकळा, चूक नसली की पकडला गेलेला. लाउवर्सने ती चूक करणं सोडलं. भरतीच्या निरर्थक अक्षरांत ‘पकडलो’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे तुकडेही घुसवले. लंडनमध्ये संदेश उतरवून घेणाऱ्यांनी खूण नसल्याची नोंद केली, आणि वरच्यांनी ती खराब लहरी आणि घाईत मारलेली टिकटिक यांच्या खात्यावर टाकून दिली. मग विमानं येत राहिली आणि पॅराशूटने उतरणाऱ्यांना न्यायला खाली जर्मनच उभे. पन्नासहून अधिक माणसं अशी हातात पडली. त्यातली बहुतेक 1944 च्या सप्टेंबरात माउटहाउझेनच्या छळछावणीत मारली गेली. दोघे कैदेतून निसटून मोठ्या हिकमतीने इंग्लंडला पोचले, तर फितूर असल्याच्या संशयावरून तिथे त्यांनाच तुरुंगात टाकलं.

हे सगळं आज सांगता येतं ते कशामुळे? युद्ध संपल्यावर डच संसदेने स्वतःची चौकशी समिती नेमली, लोकांना शपथेवर बोलावलं आणि जबान्या छापल्या. ब्रिटिशांनी बरीच कागदपत्रं आगीत गेल्याचं सांगितलं, म्हणून काही प्रश्न कायमचे लटकले. पण लटकलेले प्रश्न कुठले, हे तरी ठाऊक आहे. पुढे लू दे योंग यांनी सरकारच्या सांगण्यावरून युद्धकाळाचा इतिहास लिहिला. त्याचा पहिला भाग 1969 मध्ये आला आणि एकूण 14 भाग झाले. 2001 मध्ये क्रिस फान दर हाइडन यांनी त्यातली ‘बरोबर’ आणि ‘चुकलेला’ ही दोन खणांतली वाटणी मोडली आणि बहुतेक माणसं करड्या पट्ट्यात होती असं मांडलं. त्यावर खूप वाद झाला. झ्वार्टबूक त्या वादाच्या मागोमाग आला. म्युन्त्से बरा आणि डॉक्टर वाईट, हे कुणाला पटलं नाही तर तो नुसता ‘आमच्या भावना दुखावल्या’ म्हणून थांबत नसे. अशी किती उदाहरणं आहेत, असं विचारता येत होतं.

उत्तरंही मिळत होती. ज्यूंना पकडून देणाऱ्यांना माणशी साडेसात गिल्डर मिळत, हे हेनेके याच्या टोळीच्या कागदांवरून सिद्ध झालेलं आहे. 1943 मध्ये या टोळीने आठ-नऊ हजार लोक धरून दिले. टोळीतले बहुतेक इथलेच. चित्रपटाच्या शेवटी म्युन्त्सेला गोळ्या घातल्या जातात, त्या शरण आलेल्या जर्मनांकडून, कॅनडाच्या अधिकाऱ्याच्या संमतीने. पाहताना वाटतं, काहीतरीच. पण 13 मे 1945 ला, शरणागतीनंतर, ॲम्स्टरडॅममध्ये दोन जर्मन पळपुट्या सैनिकांना जर्मनांच्याच लष्करी न्यायालयाच्या हुकमावरून मारलं गेलं, आणि बंदुका कॅनडाच्या सैन्याने पुरवल्या. व्हरहूवन यांनी पात्रं रचली, पण असा प्रकार घडूच शकत नव्हता असं त्यांना कुणी म्हणू शकत नाही.

चुका त्यांच्याही आहेत. डॉक्टर एलिसला झोपेचं औषध म्हणून भरमसाट इन्शुलिन टोचतो आणि ती चॉकलेट खाऊन वाचते, तो प्रसंग शास्त्रावर टिकत नाही. त्या काळचं साधं इन्शुलिन कातडीखाली टोचलं तर काम सुरू व्हायला अर्धा तास लागतो आणि मग कित्येक तास साखर खाली ओढत राहतं. चॉकलेटमधल्या चरबीमुळे त्यातली साखर रक्तात सावकाश उतरते. अशा वेळी साखरेचं पाणी लवकर कामाला येतं, तेही पुनःपुन्हा द्यावं लागतं. एका वडीवर ती बाल्कनीतून उडी मारून गर्दीतून पळाली नसती. पण हा दोष पटकथेतल्या सोयीचा आहे. माणसांबद्दल खोटं सांगितल्याचा नव्हे.

आता ‘राझी’कडे या. त्यातला मला सगळ्यात खरा वाटणारा भाग तोच, ज्याच्यावर आपल्याकडे सगळ्यात जास्त चिडचिड होते. सेहमत आधी घरचा जुना नोकर अब्दुल याच्यावर जीप घालते, मग थोरल्या दिराला, महबूबला संपवते. त्यानंतर कॅमेरा मुनीराकडे जातो. ही भूमिका आपल्या अमृता खानविलकरची, आणि तिने ती फार संयमाने केली आहे. नव्या जावेला हौसेने घरात घेतलेली ही बाई विधवा होते ती त्याच जावेच्या हातून, आणि तिला ते कळतही नाही. शेवटी आपली माणसं सेहमत समजून बुरख्यातल्या दुसऱ्याच बाईवर बॉम्ब टाकतात आणि त्यात तिचा नवरा इक्बालही जातो. तेव्हा सेहमत आपल्या वरिष्ठाला सांगते की मी पुरती तुमच्यासारखी व्हायच्या आत मला घरी न्या. शत्रूच्या घरात जिने महिनोन्महिने चहा ओतला ती बाई रडणारच. हेर जवळ जाऊ शकतो तो माया लावूनच, आणि लावलेली माया काम झाल्यावर परत काढून घेता येत नाही. म्युन्त्सेच्या मृत्यूची बातमी ऐकून कोसळलेली एलिस आणि परतलेली सेहमत या सख्ख्या बहिणी आहेत.

मग ‘राझी’चं कमी पडतं कुठे? सेहमत हे बदललेलं नाव आहे, बाई खरी होती, असं सिक्का सांगतात. असेल. पण ते पारखून बघायला वाचकाकडे काय आहे? गुप्तचर संस्थांना 2005 च्या माहिती अधिकार कायद्यातच, कलम 24 खाली, जवळपास पूर्ण सूट आहे. ‘राझी’ची गोष्ट ज्या 1971 च्या युद्धाभोवतीची, त्याचा संरक्षण मंत्रालयाने लिहून घेतलेला इतिहास तयार असूनही कित्येक वर्षं अधिकृतपणे प्रसिद्ध झाला नाही. 2000 मध्ये तो फुटला आणि मागच्या दाराने लोकांपर्यंत पोचला. 2021 मध्ये मंत्रालयाने धोरण आणलं की युद्धाच्या नोंदी साधारण 25 वर्षांत खुल्या कराव्यात आणि मोहिमेचा इतिहास पाच वर्षांत लिहून व्हावा. 1971 ला पंचवीस वर्षं केव्हाच होऊन गेली.

चित्रपट ज्या माहितीभोवती फिरतो ती आपली विमानवाहू नौका विक्रांत आणि पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी यांची. गाझी 3 आणि 4 डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमबाहेर बुडाली. आपण म्हणतो ‘आयएनएस राजपूत’ने टाकलेल्या स्फोटकांनी, पाकिस्तान म्हणतं अपघाताने. तेव्हाचे पूर्व विभागाचे नौदलप्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे की विक्रांत अंदमानकडे लपवली, राजपूतवरून मुद्दाम विमानवाहू नौकेइतके बिनतारी संदेश सोडले, आणि शत्रूच्या कानावर जावं म्हणून शिधासामानाच्या मोठाल्या मागण्या नोंदवल्या. म्हणजे गाझीला चकवण्यात शिधा पुरवणाऱ्या व्यापाऱ्याच्या वहीचाही वाटा. हे किती थरारक आहे! आणि यातलं किती घरात बसलेल्या कुणा बाईने कळवलेल्या बातमीवर उभं होतं, हे विचारायलाही आपल्याकडे जागा नाही. मग वाद कशावर घालायचा? तिच्या अश्रूंवर.

इथल्या लोकांची बाजू मी सोन्याने मढवत नाही. नेदरलँड्समध्ये युद्धाआधी सुमारे 1 लाख 40 हजार ज्यू होते, त्यातले 1 लाख 2 हजार मारले गेले, आणि त्या सगळ्यांच्या नावांचं स्मारक ॲम्स्टरडॅममध्ये उभं राहायला 2021 उजाडलं. इंडोनेशियात 1945 ते 49 दरम्यान डच सैन्याने पद्धतशीर अत्याचार केले, हे मोठ्या संशोधनातून पुढे येऊन पंतप्रधानांनी माफी मागितली ती 2022 मध्ये. शिवाय कागद उघडले की जखमाही उघडतात. चित्रपटात मुक्तीनंतर एलिसवर कैदखान्यात विष्ठेची बादली ओततात. तेव्हा खरोखर जर्मनांशी संबंध असल्याच्या आरोपावरून बायकांची भर चौकात मुंडणं झाली, आणि सुमारे दीड लाख लोक छावण्यांत डांबले गेले. त्यांची नातवंडं आज याच शहरात शिकवतात, दुकानं चालवतात.

युद्धकाळात जर्मनांशी सहकार्य केल्याचा संशय आलेल्या सुमारे 4 लाख 25 हजार लोकांच्या चौकशीच्या फायली आहेत, रांगेत मांडल्या तर जवळपास चार किलोमीटर भरतील इतक्या. त्या कायद्याने 2025 च्या जानेवारीत खुल्या व्हायच्या होत्या. सगळी पानं इंटरनेटवर टाकायचं ठरलं होतं, पण खासगी माहितीचं रक्षण करणाऱ्या प्राधिकरणाने ऐनवेळी हरकत घेतली. फायलीत साक्षीदार आहेत, बळी आहेत, निर्दोष सुटलेले आहेत, आणि कुणाचं मूल अजून जिवंत असेल. म्हणून आधी फक्त यादी प्रसिद्ध झाली. त्यावर अजून भांडण चालू आहे. आपल्याकडेही असंच भांडण व्हावं असं मला मनापासून वाटतं. कुठलं नाव झाकायचं, कुठलं पान उघडायचं, जिवंत माणसांना कसं जपायचं, यावरचं.

राष्ट्रीय अभिलेखागाराची इमारत हेगच्या मध्यवर्ती स्थानकाला लागून आहे. पाठीमागे बेझाउडनहाउट ही वस्ती सुरू होते. 3 मार्च 1945 ला ब्रिटिश विमानांना शेजारच्या रानातली जर्मन रॉकेटं उडवायची होती. नकाशावरच्या जागेत चूक झाली आणि बॉम्ब वस्तीवर पडले. पाचशेहून अधिक माणसं मित्रराष्ट्रांच्याच हातून मेली. व्हरहूवन तेव्हा सहा वर्षांचे होते आणि याच शहरात राहत होते. आता त्या वस्तीच्या तोंडाशी ती चार किलोमीटरची कपाटं आहेत. यादीत शोधलं की नाव येतं, जन्मतारीख, जन्मगाव, आणि पुढे फाईल कुठल्या खणात आहे त्याचा क्रमांक.