स्कॅनर लावला की झालं?

गाडी २ लाख किलोमीटर पळालीय, मान्य. म्हणून गॅरेजवाल्याचं दर वेळी "साहेब, विकून टाका आता" हेच निदान? सिग्नलला थांबलं की इंजिन थडथडतं, चेक इंजिनचा दिवा डोळे वटारतो. हे गॅरेजवाले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर खुपसणार, पी०३०१ हा कोड वाचणार आणि थेट इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग, बदलणार. अहो, तो कोड पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे, म्हणजे इंधन नीट पेटत नाही, एवढंच सांगतो. का आहे, ते कोण शोधणार? मी? तीच कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर लावून बघा ना! कोड पी०३०२ झाला तर कॉइल गेली. नाही तर प्लग, इंधन फवारणारा इंजेक्टर, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघा. पण नाही! कॉइल झाली, प्लग झाले, आता म्हणे "ईसीएम गेला असेल," म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर! असेल? माझ्या पैशांवर अंदाजपंचे दाहोदरसे? कॉम्प्रेशन गेज लावा म्हटलं, तर म्हणतो, "गेज पोरगा घेऊन गेलाय."